झिओनेच्या घरापर्यंत

लायसन कामवेंडो गुरुजींना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांना दोनच शब्द बोलता येत होते. "खाली बसा."

सत्तावीस वर्षं ते न्चेऊच्या डोंगरातल्या त्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. एका सकाळी पाचवीच्या वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना त्यांच्या हातातून खडू निसटला. तो उचलायला वाकले ते तिथेच आडवे झाले. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि वाचा गेली. मेंदूत गुठळी अडकली की कधीकधी असं होतं. सगळी भाषा पुसली जाते आणि जन्मभर वापरून गुळगुळीत झालेलं एखादं वाक्य तेवढं मागे राहतं. कुणाची शिवी राहते, कुणाची प्रार्थना. गुरुजींचं हे राहिलं होतं.

मी तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यात होते. लकवा झालेल्यांना, हाडं मोडलेल्यांना परत हातपाय चालवायला शिकवायचं हे माझं काम. मूळची मी तळ्याकाठची. न्चेऊची थंडी आणि चढ अंगवळणी पडायला मला तीन वर्षं लागली. सायकलवरून गावोगाव हिंडायचे. लोक मला व्यायामवाली म्हणत.

शाळेच्या आवारातच शिक्षकांची चार घरं होती, त्यातलं शेवटचं गुरुजींचं. मी दारात पाय ठेवला तर चटईवरून आवाज आला, "खाली बसा!" इतका खणखणीत, की मी खरोखरच होते तिथे बसले.

आतून एक बाई हसत बाहेर आली. पन्नाशीची, ठेंगणी, कमरेला चितेंजेचं छापील कापड गुंडाळलेलं. ही त्यांची बायको, एनेलेसी.

"ऊठ गं पोरी, ऊठ. ते तुला बसायला सांगत नाहीत. त्यांना पाणी पाहिजे असेल, नाहीतर माशी उडवायची असेल. काल पास्टर आले होते, ते प्रार्थनेला उभे राहिले की हे म्हणत खाली बसा. पास्टर बिचारे चार वेळा बसले."

"आई, त्यांना आपण बोललेलं समजतं का?"

"समजतं की! सगळं समजतं. पण उत्तर एकच." मग जरा थांबून म्हणाली, "तसं आधीही फार उत्तरं नव्हती म्हणा."

आमच्याकडे एक फॉर्म असायचा. रुग्णाला तीन महिन्यांत काय काय जमायला हवं ते त्याच्यावर लिहायचं. पेशंटला विचारून लिहायचं, असा नियम. मी गुरुजींसमोर मांडी घालून बसले आणि विचारलं, "गुरुजी, तुम्हाला काय करता यावंसं वाटतं? सगळ्यात आधी काय?"

त्यांनी डावा हात उचलून दाराबाहेर दाखवला. मैदानाच्या पलीकडे शाळेची लांबलचक इमारत होती. "खाली बसा," ते म्हणाले. अगदी हळू.

"शाळा," एनेलेसी म्हणाली. "त्यांना वर्गावर परत जायचंय. दुसरं काय असणार? सुट्टीतसुद्धा हा माणूस रिकामे बाक मोजून यायचा."

गुरुजींनी मान हलवली. पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळेना. लकवा झालेल्या माणसाची मानही कधीकधी उलटसुलट हलते. ज्याला दोन शब्द बोलता येतात तो वर्गावर काय शिकवणार, हे मला त्यांच्या तोंडावर म्हणवेना. म्हणून मी माझ्या मनानेच फॉर्म भरला. आपल्या हाताने जेवणे. एकट्याने संडासला जाणे. काठीच्या आधाराने ओसरीपर्यंत चालणे.

गुरुजींनी फॉर्मवर डाव्या हाताची थाप मारली. "खाली बसा! खाली बसा!"

"रागावले," मी म्हणाले.

"रागवू दे," एनेलेसी म्हणाली. "संडासला घेऊन मी जाते ना. तू लिही."

पहिल्या तीनपैकी जेवणाचंच सगळ्यात जड गेलं. उजवा हात मांडीवर मेलेल्या माशासारखा पडलेला. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा डाव्या हाताने मोडून खायचा म्हणजे आमच्यात लाजच. डावा हात कशासाठी असतो ते सगळ्यांना ठाऊक. गुरुजी ताटाकडे बघत बसायचे, तोंड मिटून. एनेलेसी भरवायला गेली की मान फिरवायचे. दोन आठवड्यांत गालफडं बसली. शेवटी एनेलेसीने एक दिवस स्वतःचं ताट घेतलं, त्यांच्या शेजारी बसली आणि आपला उजवा हात पाठीमागे नेऊन डाव्या हाताने जेवायला लागली. पालेभाजी हनुवटीवरून ओघळली ती पुसलीही नाही. गुरुजींनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा डावा हात ताटात गेला. त्या दिवसापासून ती त्यांच्याबरोबर डाव्या हातानेच जेवत आली.

डिसेंबरात आमच्याकडचा पावसाळा लागला. मी चिखल तुडवत दर बुधवारी जायची. ओसरी जमली, संडास जमला. प्रत्येक वेळी मी कौतुक करायची आणि प्रत्येक वेळी गुरुजी डावा हात उचलून शाळेकडे दाखवायचे. शेवटी मला वाटलं, जाऊ दे, माणसाला एवढी ओढ आहे तर एकदा वर्गात नेऊन उभं करू. मी फॉर्मवर लिहिलं, शाळेपर्यंत चालणे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी थाप मारली नाही. कागदावर बोट ठेवून तसेच बसून राहिले.

मैदान ओलांडायला त्यांना पाच आठवडे लागले. आधी झेंड्याच्या खांबापर्यंत, मग निलगिरीपर्यंत, मग पहिल्या पायरीपर्यंत. पोरं खिडक्यांतून बघायची. मार्चमध्ये एका बुधवारी आम्ही व्हरांड्यात पोचलो. मी एका बाजूला, एनेलेसी दुसऱ्या बाजूला. पाचवीचा वर्ग पहिलाच. नवीन शिक्षकाने दार उघडं केलं, पोरं उभी राहिली. मला वाटलं आता गुरुजी आत वळतील.

ते वळले नाहीत. वर्गाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. काठी टेकत, पाय ओढत ते पुढे गेले, सहावी, सातवी, आठवी मागे टाकून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. मुख्याध्यापक खुर्चीतून उठले. गुरुजी त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपाशी जाऊन थांबले.

त्या भिंतीवर एक काळा फळा होता. आठवी पास होऊन सरकारी माध्यमिक शाळेसाठी निवडल्या गेलेल्या मुलांची नावं त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली होती, सालवार. फार नावं नव्हती, डोंगरातल्या शाळेतून वर्षाला एखादं. अक्षर देखणं, गुरुजींच्याच हातचं. त्यांनी डावा हात वर नेला आणि बोट एका नावावर टेकवलं.

झिओने कामवेंडो.

एनेलेसीच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. तिने तोंडावर हात दाबला आणि भिंतीला टेकून खाली सरकली.

मुख्याध्यापक हळूच बाहेर निघून गेले.

"ही कोण, आई?" मी विचारलं. तोवर मला या घरात मूल आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

"आमची पोरगी," ती म्हणाली. "एकुलती एक."

संध्याकाळी चुलीपाशी बटाटे सोलत तिने मला सांगितलं. गुरुजी समोर बसून ऐकत होते, म्हणून ती आवाज उंचावून, जणू त्यांनाच सांगत होती.

झिओने हुशार होती. माध्यमिकला वसतिगृहात राहायची. तिसऱ्या वर्षाला असताना सत्राच्या मधेच घरी आली ती पोटुशी. सतरा वर्षांची. गुरुजींनी तिला मारलं नाही, काही विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा मैदानात रांगेने उभी असताना तिचं गाठोडं उचलून बाहेर आणलं, सगळ्या पोरांसमोर ठेवलं आणि म्हणाले, "आजपासून मला मुलगी नाही. तुमच्यापैकी कुणी असं केलंत तर तुमच्या बापानेही हेच करावं."

"ती गाठोड्यापाशी उभी," एनेलेसी म्हणाली. "मी दारात. हे म्हणाले, सगळे खाली बसा. पोरं बसली. चारशे पोरं चिखलात बसली आणि माझी पोर एकटीच उभी राहिली. मग गाठोडं घेऊन गेली."

चूल धुरकटली होती. तिने फुंकर घातली.

"त्याच्या आधी ते मला झिओनेची आई म्हणून हाक मारायचे. आपल्यात तशीच हाक मारतात. त्या दिवसानंतर त्यांना मला हाक मारायला काही राहिलंच नाही. सहा वर्षं नुसतं 'अगं' म्हणाले."

"ती आहे कुठे आता?"

एनेलेसीने नवऱ्याकडे पाहिलं. "बालाकात, डोंगराखालच्या गावात. मला माहीत आहे. बटाटे विकायला म्हणून मी जाते ना, ते तिला भेटायला. लग्न झालंय, नवरा सायकली दुरुस्त करतो. पोरगी झाली, तिचं नाव लिंबानी. साडेपाच वर्षांची आहे." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "हो, तुमच्यापासून लपवलं. मारा आता. खाली बसा म्हणा."

गुरुजींच्या डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. उजव्यातून आधीपासूनच येत असायचं, तो नीट मिटत नसे.

मी दवाखान्यात जाऊन फॉर्मवर लिहिलं, मुलीच्या घरी जाणे. आमचे साहेब म्हणाले, "हे उद्दिष्ट होत नाही बाई. मोजता आलं पाहिजे. मुलीकडे जाणं हा कौटुंबिक प्रश्न आहे." मी ते खोडून लिहिलं, मिनीबसची पायरी चढणे. ते त्यांना पटलं.

पायरीच खरी अडचण होती. डांबरी रस्त्यापर्यंतची वाट उताराची, मधे एक नाली, तिच्यावर दोन फळ्या टाकलेल्या. ते सगळं जमलं असतं. पण मिनीबसची पायरी गुडघ्याच्या वर असते आणि ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही. कंडक्टर ओरडत असतो, मागे कोंबड्या, पोती, माणसं. ओसरीच्या कडेला आम्ही विटा रचल्या. आधी दोन, मग तीन, मग चार. डावा पाय वर, काठी कंडक्टरच्या हातात, डाव्या हाताने दांडी धरायची, अंग खेचायचं, उजवा पाय पाठीमागून येईल तसा येईल. एनेलेसी कंडक्टर व्हायची.

"चला, चला, बालाका, बालाका! म्हातारे, चढताय की मुक्काम करताय? मागे गिऱ्हाईक उभं आहे!"

गुरुजी घाम गाळत म्हणायचे, "खाली बसा."

"तुम्ही चढल्यावर बसेन! आधी बूड उचला!"

हसू यायचं त्यांना. अर्ध्याच तोंडाने, पण यायचं. दोनदा पडले. एकदा हनुवटी फुटली, टाके घालावे लागले. मी म्हणाले, महिनाभर थांबू. दुसऱ्या दिवशी एनेलेसी सांगत आली की पहाटे आवाज आला म्हणून पाहते तर हे एकटेच विटांवर चढत होते.

बालाकाला निरोप एनेलेसीनेच नेला. परत आली तेव्हा मी विचारलं, झिओने काय म्हणाली.

"म्हणाली, येऊ दे. रस्ता सगळ्यांचा आहे."

जुलैच्या थंडीत आम्ही तिघं गेलो. गुरुजींनी कोट घातला होता, टाय एनेलेसीने बांधला. बालाकाला उतरल्यावर सायकल-टॅक्सीवाले धावत आले, पण मागच्या कॅरियरवर तोल सांभाळणं गुरुजींना जमण्यासारखं नव्हतं. म्हणून स्टँडपासून बाजार ओलांडून, रेल्वेरूळ ओलांडून चालतच गेलो. धडधाकट माणसाची पाव तासाची वाट, आम्हाला दीड तास लागला. वाटेत तीनदा लोकांच्या ओट्यावर बसलो.

झिओने अंगणात धुणं वाळत घालत होती. उंच, बापासारखी. आम्हाला पाहून तिने हातातलं कापड नीट पसरलं, हात पुसले, पुढे आली आणि रीतीप्रमाणे गुडघे टेकून आईला, मला, आणि शेवटी वडिलांना नमस्कार केला. त्यांच्याकडे न बघता. मग उभी राहिली.

गुरुजींचे ओठ हलत होते. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मला माहीत होतं, आत ते काहीतरी वेगळंच उचलायला बघत आहेत. पण बाहेर आलं ते तेच.

"खाली बसा."

झिओनेचा चेहरा राखेसारखा झाला.

"सहा वर्षांनी आलात," ती म्हणाली, "आणि पहिला शब्द तोच?"

"अगं, त्यांना दुसरं येतच नाही," एनेलेसी घाईने पुढे झाली. "मी सांगितलं होतं ना तुला, वाचा गेली..."

"सांगितलं होतंस आई. ऐकणं वेगळं." ती बापाकडे वळली. आवाज चढवला नाही. "बोलता येत होतं तेव्हा एकदाही आला नाहीत. शाळेत रोज एवढं बोलत होतात, चारशे पोरांशी. लिंबानीच्या जन्माच्या वेळी मी दोन दिवस दवाखान्यात पडून होते, तेव्हा आला असतात तर खाली बसा म्हणाला असतात तरी चाललं असतं. आता बोलता येत नाही म्हटल्यावर आलात. आता मी तुम्हाला काय विचारू? आणि तुम्ही काय सांगणार?"

"खाली बसा," गुरुजी म्हणाले. मग परत. मग पुन्हा. आवाज प्रत्येक वेळी वेगळा होता. पहिला विनवणीचा होता, दुसरा रडण्याचा, आणि तिसरा मला ओळखता आला नाही.

तेवढ्यात घरातून एक पोरगी धावत आली, आजोबांच्या समोर उभी राहिली आणि टुणकन जमिनीवर बसली. लिंबानी. तिला तो खेळ वाटला. उठली आणि वाट बघू लागली. गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं आणि पुटपुटले, "खाली बसा." ती पुन्हा बसली आणि खिदळली.

झिओने घरात गेली. बऱ्याच वेळाने खुर्ची घेऊन बाहेर आली, आंब्याखाली ठेवली, बापाला हाताला धरून बसवलं. आम्हाला जेवू घातलं, भात आणि वाळलेली मासळी. वडिलांच्या ताटात न बोलता चमचा ठेवला. त्या दिवशी ती त्यांच्याशी आणखी एक शब्दही बोलली नाही.

परतीच्या वाटेवर मला वाटलं, संपलं. पण दोन आठवड्यांनी गुरुजी पुन्हा टाय घेऊन बायकोसमोर उभे. आणि मग दर दुसऱ्या गुरुवारी. एनेलेसी त्यांना रस्त्यापर्यंत आणून गाडीत चढवून द्यायची, पुढे ते एकटे. कंडक्टर ओळखीचे झाले, लांबूनच ओरडायचे, "गुरुजी आले, खाली बसा सगळे!" गाडी हसायची. गुरुजीही हसायचे.

झिओने खुर्ची द्यायची, पाणी द्यायची, जेवण द्यायची. बोलायची नाही. लिंबानी त्यांच्या पायाशी खेळायची, त्यांचा मेलेला हात उचलून बोटं मोजायची, त्यांच्या चपलेत दगड भरायची. चार वाजता ते उठून निघायचे. ऑक्टोबरच्या उन्हात गेले, डिसेंबरच्या पावसात छत्री मानेत अडकवून गेले. मी एकदा एनेलेसीला म्हटलं, "एवढं करून तिने तोंडही उघडलेलं नाही."

"तिचा हक्क आहे," ती म्हणाली. "पण खुर्ची आधीच काढून ठेवलेली असते म्हणे अंगणात. त्यांनी हाताने खुणा करून दाखवलं मला. खूश होते."

पुढच्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी एका गुरुवारी सकाळी टाय बांधून झाला, एनेलेसी आत त्यांची काठी आणायला गेली, आणि बाहेर आली तेव्हा ते ओसरीच्या खांबाला टेकून घसरले होते. या वेळी मागे काहीच उरलं नाही. दुपारपर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी मातीच्या वेळेला सगळी शाळा मैदानात होती. झिओने सकाळच्या पहिल्या गाडीने आली. घरात बायकांमध्ये प्रेताशेजारी जाऊन बसली, डोक्यावरून कापड ओढून. चर्चच्या बायका गात होत्या. ती रडली नाही, गायलीही नाही. शवपेटी उचलली तेव्हा मात्र तिने पेटीची कड धरली आणि सोडेना. एनेलेसीनेच तिची बोटं एकेक करून सोडवली.

संध्याकाळी लोक पांगल्यावर झिओने आणि मी बोअरवेलपाशी मर्तिकाची भांडी घासत बसलो होतो. मोठाली पातेली, तळाला न्सिमा करपून चिकटलेला. एनेलेसी आम्हाला घागर आणून देत म्हणाली, "पोरी, एक विचारू? घरी बसले असते, असे वणवण हिंडले नसते, तर जगले असते का?"

मला सांगायचं होतं की नाही, आई, तसं काही नाही. पण शेवटचे दोन महिने रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. त्या मागायला मी माझ्या कामाच्या गर्दीत उशीर केला होता, आणि ते चालणं थांबवा असं सांगण्याची एक वेळ मी मुद्दाम टाळली होती.

"मला माहीत नाही, आई," मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि घागर ठेवून गेली.

झिओने बराच वेळ एकच पातेलं घासत होती. मग म्हणाली, "मी बोलणार होते. रोज ठरवायचे. पाऊस संपला की बोलेन म्हटलं. मग म्हटलं मका काढून होऊ दे. मनात सगळं जुळवून ठेवलेलं, आधी काय म्हणायचं, मग काय. ते आले की वाटायचं, येतातच आहेत ना, पुढच्या गुरुवारी."

मी घागर तिच्याकडे सरकवली.

"त्यांना फाटकापर्यंत कोण आणून सोडायचं?" तिने विचारलं. "मी बघायची तेव्हा ते फाटकातच उभे असायचे. मला वाटायचं शाळेची कुणीतरी गाडी आहे, नाहीतर सायकलवाला."

"कुणी नाही," मी म्हणाले. "स्टँडपासून चालत यायचे."

तिचे हात थांबले. "रुळांवरून?"

"रुळांवरून."

"एकटे?"

मग मी तिला सगळं सांगितलं. झेंड्याचा खांब, निलगिरी, मुख्याध्यापकांच्या खोलीतला फळा आणि त्याच्यावरचं तिचं नाव. नालीवरच्या दोन फळ्या. विटा, फुटलेली हनुवटी, आईने केलेला कंडक्टर. बालाकाच्या बाजारात एक मीठवाली आहे, ती त्यांना दर खेपेला आपलं खोकं बसायला द्यायची, हेही सांगितलं. सांगता सांगता थंडी पडली. झिओने पातेल्यात हात बुडवून ऐकत होती. मधे एकदा तिने विचारलं, "विटा किती म्हणालात?" मी म्हणाले, "चार." तिने ओल्या हाताने जमिनीपासून चार विटांची उंची धरून पाहिली आणि तो हात तसाच ठेवला.

जुलैच्या शेवटी शाळेचं घर रिकामं करावं लागलं. नवीन शिक्षक बायकामुलांना घेऊन यायचे होते. झिओनेचा नवरा येऊन भांडी, चटया आणि एक पत्र्याची पेटी घेऊन गेला, आणि एनेलेसी बालाकाला लेकीकडे राहायला गेली. मी अधूनमधून जाते. तिथला उकाडा तिला सोसत नाही, डोंगरातल्या बटाट्यांची आठवण काढते. मायलेकी दिवसभर बोलत असतात, शेजारणींबद्दल, मक्याच्या भावाबद्दल, लिंबानीच्या शाळेबद्दल. गुरुजींचा विषय निघाला की झिओने उठून काहीतरी कामाला लागते. गेल्या खेपेला मात्र एनेलेसी मला हळूच म्हणाली, पोरगी अलीकडे गुरुवारी बाजाराला निघते ती बाजार ओलांडून आधी स्टँडपर्यंत जाते आणि तिथून रुळांच्या वाटेने चालत परत येते, लांब पडतं तरी. कुणी विचारत नाही, तीही सांगत नाही.